कानाच्या पाळीचा रंग

"सिस्टर, बाप मैंच हूं."

एकतीस वर्षं झाली, पण हा आवाज सावित्रीबाईंच्या कानातून गेला नव्हता. आवाज मोठा नव्हता, भांडणाचा तर नव्हताच. खर्जातला, जरा घोगरा, सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. प्रसूतीच्या वॉर्डच्या दारात एक माणूस त्यांना एवढंच म्हणाला होता, आणि त्यांनी ते खरं मानलं नव्हतं.

नर्सच्या नोकरीत त्यांनी कमी आवाज ऐकले होते असं नाही. कळांचे ऐकले, शिव्यांचे ऐकले, मुलगा झाला म्हणून फुटलेले आणि मुलगी झाली म्हणून मिटलेले ऐकले. निवृत्तीच्या दिवशी हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बाकीचे आवाज तिथंच राहिले आणि हा एक तेवढा बरोबर घरी आला. दुपारी भांडी घासून झाली, नळ बंद केला, की त्या मधल्या शांततेत तो यायचा. त्याबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा हिम्मतराव होते तोवर त्यांना नाही, आणि आता विकासला तर नाहीच.

विकास त्यांचा एकुलता एक. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होता. लिफ्टच्या कामाला माणसं जोडीने जातात, एक वर मशीनपाशी, एक खाली खड्ड्यात. आणि विकासचा जोडीदार होता सालेम. सालेम सिद्दी. निजामाच्या घोडदळात आफ्रिकेतून आलेले शिपाई होते, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून हैदराबादेत ए. सी. गार्ड्स मोहल्ल्यात राहतात, त्यांच्यातला. सहा फूट उंच, काळाभोर, केस बारीक कुरळे. सहा वर्षं दोघं एका दोरावर जीव टांगून होते, त्यामुळे विकासची हिंदी सालेमसारखी झाली होती आणि सालेमला मराठीतल्या शिव्यांसकट बरंच काही समजत होतं.

दोघांच्या बायकांना दिवस गेले तेही पुढेमागेच. सालेमच्या नसरीनला नववा लागला होता, विकासच्या रेणूला सातवा.

रेणू डोहाळजेवण झालं की नांदेडला माहेरी जाणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी काही विचारायचं नसतं. पुरुषाने फोनची वाट बघायची आणि बाराव्या दिवशी बारशाला कुंची-झबलं घेऊन जायचं. हिम्मतराव असेच गेले होते, आणि विकासला मांडीवर ठेवलं तेव्हा अंगावर गरम भांडं पडल्यासारखे आखडून बसले होते, हे बाई हसून सांगायच्या. विकास मात्र यावेळी हसला नाही. म्हणाला, मी सुट्टी टाकली आहे, कळा सुरू झाल्या की तिथे असणार. रेणूच्या आईला हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी म्हणे विचारलं, "नोकरी गेली का जावईबापूंची?"

बाईंनी मुलाला विचारलं की हे खूळ कुठून आलं. तेव्हा बैठकीचं कळलं.

सालेमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी दहा वाजता 'बापां की बैठक' भरायची. ज्यांच्या बायका गरोदर आहेत ते, आणि नुकतेच बाप झालेले. दोन वर्षांपूर्वी सालेमच्या वडिलांनी, मुबारकभाईंनी, ती सुरू केली होती. कारण साधं होतं. गल्लीतली पोरं अंगापिंडाने थोराड. कुणी जिममध्ये शिकवतो, कुणी फंक्शन हॉलच्या दारात उभा राहतो. बायकोला दवाखान्यात नेलं की वॉचमन त्यांना नातेवाईक समजायचाच नाही, कुणाचा तरी बाउन्सर समजून बाहेर थांबवायचा. मग पोरंही बाहेरच थांबायला शिकली. गेटबाहेर चहा पीत बाप व्हायची. मुबारकभाईंना ते बघवेना. बैठकीत आता बाहेरचेही येऊ लागले होते, मलकपेठेतला हा विकास धरून. फक्त एक अडचण होती. बाळाला अंघोळ कशी घालायची हे सांगायला बसलेल्या आठ पुरुषांपैकी एकानेही बाळाला अंघोळ घातलेली नव्हती.

"आई, तू ये ना," विकास म्हणाला. "तू बत्तीस वर्षं हेच केलंस."

बाईंनी आढेवेढे घेतले. पण मनातून बरं वाटलं. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत कुणी त्यांना काही शिकवायला बोलावलं नव्हतं.

*

बैठक भरायची ती मरफ्याची खोली होती. मरफा म्हणजे सिद्द्यांचा बाजा. हैदराबादेत लग्नाची वरात त्याच्याशिवाय निघाल्यासारखी वाटत नाही. भिंतीला ढोल टांगलेले, कोपऱ्यात वाजवायच्या स्टीलच्या घागरी. त्यातलीच एक घागर पाण्याने भरून बाईंपुढे ठेवली होती. मुबारकभाई दाराशी बसून ढोलाचा पट्टा शिवत होते. साठीचा माणूस, दाढी कापसासारखी, हात फावड्यासारखे. त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला आणि पुन्हा सुईत मान घातली. बोलले काहीच नाहीत.

बाईंनी कोटीच्या बाजारातून बाहुली आणली होती. दुकानात एकच प्रकार मिळाला, गुलाबी, निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची. सालेमने ती आपल्या हातावर आडवी घेतली तसा पलीकडून एक जण म्हणाला, "सिस्टर अम्मा, ये इसको लेके गेट के बाहर निकला तो पुलिस पकड लेगी." सगळे हसले. सालेम म्हणाला, विकासकडे दिली तरी पकडतील, तोही काही फार गोरा नाही. बाई पण हसल्या. मग त्यांनी मान कशी धरायची ते दाखवलं. चार बोटं मानेखाली, अंगठा कानामागे, कोपर पोटाशी. पाणी आधी आपल्या कोपरावर घ्यायचं. आठही जणांनी एकेकदा बाहुली धुतली. विकासच्या हातून ती दोनदा घागरीत पडली आणि त्याला 'लिफ्टवाला' म्हणून चिडवण्यात आलं, कारण सोडतो ते थेट खाली.

रंगाचा विषय निघालाच होता, म्हणून बाईंनी त्यावरही सांगितलं. हे त्यांनी आयुष्यात कितीतरी सासवांना सांगितलं होतं. जन्मलेल्या बाळाचा रंग फसवा असतो. काळ्यासावळ्या आईबापांचं लेकरूही आधी कणकेच्या गोळ्यासारखं दिसतं, खरा रंग सावकाश उतरतो. बघायचाच असेल तर कानाची पाळी बघा, ती खोटं बोलत नाही. आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून आईची ओवी निघून गेली. आई परभणीकडच्या शेतकऱ्याची लेक, जात्यावर बसली की स्वतःच जुळवायची.

पहिली माझी ओवी गं, बाळाच्या कानाला,
कानाच्या पाळीला रंग बापाचा आला.

विकासने तिचा अर्थ सांगितला. पोरांना तो फार आवडला. दोघांनी तिथल्या तिथे एकमेकांचे कान तपासले.

तेव्हा दाराशी बसलेल्या मुबारकभाईंनी सुई बाजूला ठेवली. म्हणाले, अंघोळ नंतर येते, आधी पोर हातात मिळालं पाहिजे. ज्यांच्या बायकांना नववा लागला होता त्यांना त्यांनी एकेक कार्ड दिलं. प्लास्टिकमध्ये बसवलेलं, गळ्यात घालायची दोरी. त्यावर नवरा-बायकोचा शेजारी शेजारी काढलेला फोटो, नावं, फोन नंबर आणि वर उर्दूत, तेलुगूत नि इंग्रजीत लिहिलेलं, 'बच्चे का बाप'. ही त्यांची रीत होती. नववा महिना लागला की कार्ड, आणि एक प्रत दवाखान्याच्या फाइलला लावून यायची. पोरांना लाज वाटायची. सालेमने दोरी बोटाला गुंडाळली आणि म्हणाला, "अब्बा, मैं क्या स्कूल का बच्चा हूं?"

मुबारकभाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांकडे बघून ते सांगू लागले. आपल्या गल्लीतला एक माणूस होता, खूप वर्षांपूर्वीचा. बायकोला ऑपरेशन करून मुलगा झाला. सिस्टर बाळ घेऊन दारात आली. त्या माणसाने हात पुढे केले. मागे त्याचा मेहुणा उभा होता, वीस वर्षांचा, गोरा पोरगा. सिस्टर या माणसाला म्हणाली, बाजूला व्हा, बापाला येऊ द्या.

"तो उन्ने बोला," मुबारकभाई म्हणाले, "सिस्टर, बाप मैंच हूं."

बाईंच्या हातात तेव्हा बाहुली होती. आवाज जरा जुना झाला होता, फाटला होता, पण तोच होता. त्यांचा हात बाहुलीच्या मानेखालून निघाला नाही, सवय होती.

पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मे महिन्यातली दुपार होती. वॉर्डात एका खाटेवर दोघी. त्यांनी बाळ हिरव्या कापडात गुंडाळून आणलं होतं, गव्हाळ, नाकीडोळी आईसारखं. दारात पुढे झालेले ते दोन मोठे काळे हात त्यांनी बघितले आणि कुणीतरी मस्करी करतंय असं त्यांना वाटलं. त्या हातांच्या वरून त्यांनी बाळ मागच्या गोऱ्या पोराला दिलं. पोरगा गांगरला होता. हातात आलं ते त्याने घेतलं. 'बाप मैंच हूं' ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मजाक नक्को करो," आणि दार लोटलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, बाळ वडिलांच्या ताब्यात. मग दारामागून अजान ऐकू आली. मुसलमानांच्या घरी बाळ जन्मलं की उजव्या कानात पहिले शब्द अजानचे पडतात, आणि ते म्हणायचा मान बापाचा. आवाज बारीक होता, वीस वर्षांच्या पोराचा.

कानाची पाळी त्यांनी बघितलीच नव्हती. आईची ओवी पाठ असून.

दुसऱ्या दिवशी आयाने सांगितलं की तो हबशीच बाळाचा बाप आहे, मरफा वाजवतो. बाईंनी केसपेपर काढून बघितला. खरं होतं. पण बाळ चुकीच्या माणसाच्या हातात दिलं म्हणजे सस्पेन्शन. मेट्रन कडक होती, नोकरीला तीनच वर्षं झाली होती, दूधपित्या विकासला सासूकडे ठेवून त्या ड्युटीवर येत होत्या. त्यांनी पेपर जागेवर ठेवून दिला.

खोलीत कुणीतरी विचारलं, मग त्या माणसाचं काय झालं. मुबारकभाईंनी सुई पुन्हा उचलली. "क्या होना? चला गया," ते म्हणाले. "इसलिए बोलता, कार्ड पहनो."

*

परतताना स्कूटरवर विकास गप्पा मारत होता. लकडी का पूल ओलांडल्यावर त्याने सालेमचं सांगितलं. मुबारकभाई सगळ्या गल्लीच्या पोरांना बाप व्हायला शिकवतात, आणि सालेम मात्र त्यांना दवाखान्यात येऊ देणार नाही. बाईंनी विचारलं, का.

सालेमची आई तो आठ वर्षांचा असताना गेली. तो मामाकडे वाढला. मामाने त्याला लहानपणापासून सांगितलं होतं की तू जन्मलास तेव्हा तुझा बाप वरातीत मरफा वाजवायला गेला होता. तुझ्या कानात अजान मी दिली. सगळं आजोळ तेच म्हणायचं. कधी बाप भेटायला आला आणि निघाला की कुणीतरी म्हणायचं, जा, तुझी वरात थांबली असेल. सालेम मोठा झाला, परत बापाच्या घरी राहायला आला, त्यांचं दुखलंखुपलं बघतो. पण ते एक त्याच्या मनातून गेलं नाही. त्याने ठरवलं होतं, माझ्या पोराच्या कानात अजान माझ्या बापाची पडणार नाही. स्वतःला जमलं नाही, तर मामाचा मुलगा देईल, मामा तीन वर्षांपूर्वी वारला होता.

"आणि मुबारकभाई काही म्हणत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी कधी नाही म्हटलंच नाही ना, आई. खरंच असणार."

बाईंनी स्कूटरची मागची दांडी घट्ट धरली. घरी आल्यावर रेणूने विचारलं की आई, दमलात का. त्या म्हणाल्या, ऊन लागलं.

पुढच्या रविवारी त्या गेल्या, त्याच्या पुढच्याही गेल्या. लंगोट बांधायला शिकवलं, बाळंतिणीचं रक्त किती गेलं की घाबरायचं ते शिकवलं, ढेकर काढायला शिकवलं. पोरं वहीत लिहून घ्यायची. सालेम सगळ्यांत हुशार. त्याच्या हातावर बाहुली अशी स्थिर राहायची की जणू लिफ्टच बरोबर मजल्यावर थांबली. त्याला शाबासकी देताना बाईंची नजर दाराशी जायची. तिथे मुबारकभाई काहीतरी शिवत असायचे, आणि मुलाच्या हाताकडे बघत असायचे.

तिसऱ्या रविवारी पोरं निघून गेल्यावर बाई थांबल्या. घागर रिकामी करता करता त्यांनी विचारलं, तो माणूस तुम्हीच ना.

मुबारकभाईंनी पट्टा ओढून बघितला. मग हौ म्हणाले. बाई म्हणाल्या, मुलाला का नाही सांगितलं? त्यावर ते जे बोलले ते हळूहळू, मधे मधे थांबून. त्या दिवशी ते दारात दिवेलागणीपर्यंत उभे होते. मेहुण्याने बाळ आत आईजवळ नेऊन ठेवलं, आणि भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमनने यांना खाली काढलं. संध्याकाळची वरात ठरलेली होती, साथीदार ताटकळले होते. ते गेले. वाजवलं. म्हणजे मेहुणा खोटं बोलला असंही नाही. आणि तो पोरगा तरी काय करणार, त्याच्या हातात दिलं, त्याने घेतलं. नंतर त्याला खरं सांगायची शरम वाटली असेल. पुढे त्यानेच सालेमला वाढवलं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं?

"और बेटे को कैसे बोलना, सिस्टर," ते म्हणाले, "कि तेरे बाप को शकल देख के हटा दिए? उसकी बी शकल वहीच है."

बाईंनी घागर पालथी घातली.

"अब बोला तो बहाना लगेगा. कोई देखा हुआ आदमी बोले तो अलग बात. पर देखा कौन?"

बाईंनी विचारलं, ती सिस्टर आठवते का. विचारताना स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मुबारकभाई म्हणाले, तोंडावर मास्क होता, चेहरा आठवत नाही. हात आठवतो. "मेरे हाथों के ऊपर से गया ना, वो हाथ."

बाईंनी ओले हात पदराखाली घेतले. आता त्या गप्प बसल्या तर कुणालाही कधीही कळणार नव्हतं. हे त्यांना तिथेच, घागरीपाशी, लख्ख कळलं. आणि घरी जाताना त्यांना हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

*

बुधवारी दुपारी सालेमचा फोन आला. नसरीनला मलकपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. मामाच्या घरचे सगळे गुलबर्ग्याला लग्नाला गेलेले. जवळ कुणी बाई नव्हती. विकास कामावरून तसाच आला, आणि बाईंनी तीनदा धुवून मऊ केलेलं जुनं लुगड्याचं कापड पिशवीत घातलं.

दवाखान्याच्या गेटपाशी कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर मुबारकभाई बसले होते. धुतलेला पांढरा कुर्ता, टोपी घडी घालून खिशात, फोन तळहातावर उघडा. त्या दिवशीची वरात त्यांनी सोडली होती, हे विकासला साथीदारांकडून कळलं होतं. बाईंनी विचारलं, वर नाही गेलात?

"बुलाया नहीं," ते म्हणाले. "बोला, जरूरत पडी तो फोन करता."

लिफ्टमध्ये विकास सवयीने कान देऊन म्हणाला, डावा रोलर घासतोय. बाईंना काही ऐकू आलं नाही. वॉर्डच्या मजल्यावर त्यांनी पिशवीतला मास्क काढून तोंडाला बांधला, तीही सवयच.

सालेम दारासमोर उभा होता. गळ्यात कार्ड होतं. त्याची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती आता. उलट ते नीट दिसावं म्हणून शर्टावर मधोमध आणून ठेवत होता. तासभर गेला. विकासने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो तसाच निवला. मग दार उघडलं आणि एक तरुण नर्स गुलाबी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. नसरीनचं नाव घेतलं. सालेम पुढे झाला. नर्सने त्याच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, फाइलला लावलेल्या फोटोकडे बघितलं.

"फादर?"

"हौ."

तिने बाळ त्याच्या हातात ठेवलं, मुलगी आहे म्हणून सांगितलं, आई बरी आहे म्हणून सांगितलं, आणि आत गेली. एवढंच होतं ते. एकतीस वर्षांपूर्वीही एवढंच करायचं होतं.

चार बोटं मानेखाली, अंगठा कानामागे, कोपर पोटाशी. सालेमचे हात चुकले नाहीत. पोरगी कणकेच्या गोळ्यासारखी गव्हाळ होती, मुठी आवळून झोपलेली. बाईंनी वाकून दुपट्याची कड बाजूला केली. कानाची पाळी जांभळाच्या सालीसारखी होती.

सालेमने बाळ उजव्या अंगाला वळवून घेतलं. तोंड कानाशी नेलं, पण शब्द फुटला नाही. त्याने मान वर केली आणि विकासला म्हणाला, माझ्या खिशातून फोन काढ, मामाच्या मुलाला व्हिडिओ लाव, तो गुलबर्ग्याहून देईल. विकास फोन काढता काढता थबकला. म्हणाला, अरे, तुझे अब्बा खाली बसलेत. केव्हाचे.

"उनको बाजे से फुर्सत मिल गई क्या?" सालेम म्हणाला. रागाने नाही, रोजचंच असल्यासारखं.

विकासने आईकडे बघितलं. बाईंनी त्याच्या हातातल्या फोनवर आपला हात ठेवला. मग मास्क काढला आणि त्याची घडी केली, पुन्हा एक घडी केली. त्यांना सालेमशी नेहमीसारखं त्याच्या भाषेत बोलायचं होतं, पण आलं ते मराठीतच आलं.

"सालेम, तुझे वडील त्या दिवशी असेच दारात उभे होते. हात पुढे करून. तुझ्या अब्बांनी बैठकीत त्या माणसाचं सांगितलं ना, ते त्यांचंच. दार उघडून बाहेर आली ती सिस्टर मी."

विकास "आई" म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी त्यांचा रंग बघितला आणि तुला त्यांच्या हातांवरून मामाकडे दिलं. ते म्हणाले, बाप मैंच हूं. मी दार लावलं. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही, आजपर्यंत. ते वाजवायला गेले हे खरं आहे, बाळा, पण आधी गेले नाहीत. मी हाकलल्यावर गेले."

सालेमने हातातल्या पोरीकडे बघितलं, मग विकासला म्हणाला, "नीचे फोन लगा, अब्बा को बोल, जरूरत है."